दंत्य व्यंजने

लग्न झाल्यावर मुलीचे काय काय बदलते, याची यादी एकदा कोणी तरी करायला हवी. आडनाव बदलते, ते तर सगळ्यांना दिसते. पण वाणी बदलतो, शिंपी बदलतो, वरणातले गुळाचे प्रमाण बदलते, फार काय, देवसुद्धा बदलतो. अकोल्याच्या राजेश्वराला नमस्कार करून परीक्षेला जाणारी मी अमरावतीला आले आणि अंबादेवीची ओटी भरू लागले. कशाबद्दल कधी तक्रार केली नाही. मात्र एका बाबतीत मी आजतागायत माहेरचीच राहिले आहे. माझा दाताचा डॉक्टर अकोल्याचा आहे.

आमच्या घरी हा थट्टेचा कायमचा विषय. "अमरावतीत दंत महाविद्यालय आहे," आमचे हे म्हणतात, "राजापेठेपासून कॅम्पापर्यंत दाताच्या डॉक्टरांच्या पाट्या मोजता मोजता हातापायांची बोटं संपतात, आणि तू एका दाढेसाठी अकोल्याची गाडी पकडतेस!" यावर माझे उत्तर ठरलेले आहे. साडी कोणत्याही दुकानातून घ्यावी. पण ज्याच्यापुढे आ वासून निमूट पडून राहायचे, तो माणूस ओळखीचाच हवा.

खरे सांगायचे तर मध्ये काही वर्षे ही निष्ठा फार महाग पडत होती. अमरावती-अकोला रस्त्याचे काम रखडले होते, आणि त्या खड्ड्यांतून जाताना ज्याची दाढ दुखत नसे त्याचीही मूर्तिजापूर येईपर्यंत दुखू लागे. मग २०२२ च्या जूनमध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग १०५ तास ३३ मिनिटांत झाले, आणि त्याची नोंद गिनीज बुकात गेली. जे काम वर्षानुवर्षे होत नाही ते पाच दिवसांत होते, याला वऱ्हाडातला माणूस चमत्कार म्हणत नाही, तो फक्त "पहा बरं!" म्हणतो. माझी एक अक्कलदाढ पुरती वर यायला चार वर्षे लागली होती.

आमचे डॉक्टरकाका नागपूरचे शिकलेले. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय निघाले ते १९६८ साली. त्यापूर्वी विदर्भातल्या मुलाला हे शिक्षण घ्यायचे तर मुंबई-कलकत्त्यासारखे दूरचे शहर गाठावे लागे. कलकत्त्याला डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. काका त्या गोष्टी कुळकथेसारख्या सांगतात. त्यांनी दवाखाना थाटला तेव्हा अकोल्याच्या आठवडी बाजारात फडक्यावर उपटलेल्या दातांची रास मांडून बसणारे वैदू होते, आणि पुष्कळांना काकांपेक्षा त्या राशीचा विश्वास वाटे. एवढे दात काढलेला माणूस, म्हणजे अनुभवी असणारच! दंतवैद्यांचा कायदा १९४८ सालीच झाला होता. पण कायदा दिल्लीहून निघतो आणि दाढ रात्री दोन वाजता दुखते.

आता काका ऐंशीच्या घरात आले आहेत. खुर्चीपाशी त्यांची मुलगी उभी असते. तिला आम्ही डॉक्टरताई म्हणतो. काका बाहेर टेबलाशी बसून जुन्या रोग्यांशी गप्पा मारतात आणि आतल्या आवाजांकडे कान ठेवतात. दवाखाना जुन्या वस्तीत, एका लाकडी जिन्यावर. जिन्याच्या चौथ्या पायरीवरच लवंगेच्या तेलाचा वास येतो. या वासाने माझी मोठी पंचाईत केलेली आहे: लग्नाच्या पंगतीत मसालेभात वाढला की इतरांच्या तोंडाला पाणी सुटते, माझी दाढ शिवशिवते.

इतर डॉक्टरांकडे बाहेर बसलेली मंडळी किती रंगून बोलत असतात! कोणाला किती साखर निघाली, कोणाच्या गुडघ्याला काय लावले, सगळे भांडवल तिथे खुले होते. दाताच्या डॉक्टरांकडे तसे नाही. जो तो आपला गाल धरून बसलेला आणि आतल्या यंत्राचा आवाज ऐकत असलेला. माझ्या लहानपणी ते यंत्र दोरीवर चाले. लोखंडी हात, त्यावर फिरणाऱ्या चाकांवरून धावणारी दोरी, आणि दाढेपासून टाळूपर्यंत हादरणारे सगळे डोके. हवेच्या झोतावर मिनिटाला लाखो फेरे घेणारे यंत्र अमेरिकेत १९५७ साली बाजारात आले होते. अकोल्याच्या त्या जिन्यावर ते चढले तेव्हा मी सातवीत होते. हादरा गेला, किणकिणाट आला. काका म्हणतात, दुखणे निम्म्याने कमी झाले, भीती मात्र तेवढीच राहिली.

त्या बाकावर बसून मी जे ऐकले आहे, ते कोणत्याही बोलीभाषेच्या ग्रंथात मिळायचे नाही. एकदा अकोटकडच्या एक म्हाताऱ्या बाई आल्या होत्या. वरची दाढ पार किडलेली. पण काढू देईनात.

"वरची दाढ काढली त डोये जातीन म्हणतेत ना जी," त्या म्हणाल्या.

काका त्यांच्याशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. "डोयाची तार अलग हाये माय, दाताची अलग. तुह्या घरचं मीटर काढलं त शेजाऱ्याचा लाइट जाते का?"

"आमच्या गावात जाते ना बा!" म्हातारीने ठणकावून सांगितले.

सारा बाक हसला. गाल धरून हसला. दाढ निघाली, डोळे राहिले. पण सगळ्याच गोष्टी हसण्याच्या नसतात. दाढ काढायला काहीशे रुपये लागतात आणि तीच वाचवायची तर काही हजार. आतली नस साफ करायची, ती भरायची, वर टोपी बसवायची, तीन-चार खेपा. शेतकरी माणूस हिशेब ऐकतो आणि म्हणतो, "कापूस निघाला का येतो." तो खरेच येतो. पण किडीला कापसाचा हंगाम कळत नाही. तोवर वाचवण्यासारखे काही उरलेले नसते, आणि चाळिशीतला धडधाकट माणूस दाढ कागदात बांधून घेऊन जातो. अशी माणसे मी इतकी पाहिली आहेत, की दात न घासल्यामुळे दात जातात हे शाळेतल्या पुस्तकातले वाक्य मला अर्धेच खरे वाटू लागले आहे.

मी स्वतः पोटासाठी बोलते. दिवसाचे तीन-चार तास वर्गात, उरलेला वेळ घरात. अशा बाईला या खुर्चीत बसवतात, तोंडात कापसाचे बोळे आणि पाणी ओढणारी नळी घालतात, आणि मग विचारतात, "काय, कसं चाललंय कॉलेज?" याचे उत्तर देता येते, पण ते फक्त स्वरांत. आ, ऊ, अँ. व्यंजनाला कशावर तरी अडावे लागते. ओठावर, दातावर, टाळूवर. उघड्या तोंडात अडणार कशावर? हे मी पुस्तकात वाचले होते आणि मुलांना शिकवलेही होते. पटले ते या खुर्चीत. डॉक्टरताईंची कमाल अशी की त्यांना नुसत्या स्वरांवरून सगळे समजते. "आऊ आँ आ ए" असे मी म्हटले की त्या खुशाल म्हणतात, "हो ना, पाऊस फार झाला ते!"

भुलीच्या सुईबद्दल मात्र मी एक शब्द वावगा बोलणार नाही. शस्त्रक्रियेतल्या वेदनेवर माणसाने विजय मिळवला तो दाताच्या डॉक्टरांमुळेच. अमेरिकेत १८४४ साली होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने हसवणारा वायू हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली, आणि १८४६ च्या १६ ऑक्टोबरला मॉर्टन या दुसऱ्या दंतवैद्याने बॉस्टनच्या रुग्णालयात ईथर देऊन सर्जनला सुरी चालवू दिली. मोठ्या मोठ्या सर्जनांना जे सुचले नाही ते यांना सुचले. कारण उघड आहे. सर्जनचा रोगी गलितगात्र होऊन येतो, दाताच्या डॉक्टरचा रोगी जिन्यावरून परत पळू शकतो.

पण या भुलीने एकदा मला भर बसमध्ये खाली पाहायला लावले. खालच्या दाढेसाठी सुई दिली की अर्धा ओठ आणि अर्धी जीभ दोन-तीन तास आपली राहत नाही. मला परतायची घाई. अकोल्याच्या स्थानकावर एस.टी.त बसले, कंडक्टर आला. बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे तिकीट झाले आहे, तेव्हा त्याने आधीच यंत्रावर बोट ठेवून विचारले, "कुठं?" आता अमरावती या नावात एक म आहे आणि एक व आहे, आणि दोघांनाही ओठ लागतो. मी जे काही उच्चारले ते ऐकून त्याने माझ्या फुगलेल्या गालाकडे पाहिले आणि सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "पह्यले खर्रा थुका बाई, मंग बोला!"

मराठीच्या प्राध्यापिकेला वऱ्हाडात ऐकून घ्यावे लागलेले हे सर्वांत स्पष्ट मराठी. त्या दिवशी ओठाची पाच अक्षरे तीन तासांसाठी गेली, तर माझी ही अवस्था झाली. दाताची अक्षरे कायमची गेली तर माणसाचे काय होते, ते मला पुढे घरातच पाहायला मिळाले.

माझे बाबा अकोल्याच्या एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवत. वर्णमाला त्यांनी मला आरशापुढे उभे करून शिकवली. "क म्हण. जीभ कुठं लागली? आता ट म्हण. आता त." कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, घशाच्या मुळापासून ओठापर्यंत अक्षरे कशी रांगेने उभी आहेत हे कळले, तेव्हा मला आपल्या तोंडाचाच अभिमान वाटला होता. वर्गात त्यांचा एक आवडता खेळ असे. "चार चाके" म्हणायला लावायचे आणि विचारायचे, दोन्ही च सारखे का? मुले दहादा म्हणून पाहत, आणि मग एखाद्याच्या चेहऱ्यावर उजेड पडे: चार मधला च टाळूचा, चाकामधला दाताचा! घरात "डोये", "काया", "केयं" म्हणणाऱ्या मुलांना ते कधी हसले नाहीत. "घरी य म्हण, वर्गात ळ म्हण, दोन्ही आपलेच," असे सांगत. ज्यांच्या वऱ्हाडातल्या रिद्धपूरला लीळाचरित्र लिहिले गेले, त्या लोकांनी ळ ची एवढी हेळसांड करावी, ही गंमतही ते आठवणीने सांगत.

त्यांचे दात एकेक करून दहा-बारा वर्षांत गेले. कवळीचे नाव काढू देत नसत. "उसने पैसे घेतले नाहीत, आता उसने दात घेऊ?" दाढा गेल्या तोवर भाकरी दुधात कुस्करून भागले. पण २०२४ च्या पावसाळ्यात वरचे पटाशीचे दोन दात गेले, आणि काही तरी वेगळेच सुरू झाले. संध्याकाळचे फिरणे बंद झाले. आलेल्या माणसाला ते मान हलवून उत्तर देऊ लागले. ३ ऑक्टोबरला केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. रात्री मी मुद्दाम फोन केला. म्हटले, आता हे तासभर सोडणार नाहीत, हाल सातवाहनापासून सुरुवात करतील. मी बातमी सांगितली.

"हं," बाबा म्हणाले. "बरं."

एवढेच. फोन आईकडे गेला. आई म्हणाली, असेच चालले आहे. घरात रेडिओ तेवढा बोलतो. आणि मग माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. मला जन्मापासून "ताई" म्हणणारे बाबा गेले काही महिने "बाई" म्हणत होते. आईचा समज असा की लेक मोठी प्राध्यापक झाली म्हणून मान देत असतील. पण ब ओठाचा आहे, त दाताचा आहे. पटाशीचे दात गेल्यावर त्यांच्या तोंडून जो "ताई" निघत होता तो त्यांच्या कानाला सोसत नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांचे उच्चार तपासलेला कान तो! म्हणून त्यांनी शब्दच बदलला होता.

मग मी त्या नजरेने आपल्या घरातल्या हाकाच तपासून पाहिल्या. आई, बाबा, मामा, माय, आबा: यांना दात लागत नाहीत. स्वर आणि ओठ, संपले. म्हणून तर तान्हे मूल हेच शब्द आधी म्हणते. पण दादा, तात्या, नाना, ताई, नात, नातू, दीर, नणंद, सासू, सून, यांच्यासाठी जिभेला दाताशी जावे लागते. दात आल्यावर माणूस नात्यागोत्यात शिरतो. आणि दात गेल्यावर बाबा एकेका नात्याला हाक मारणे सोडत होते.

मी रजा टाकली आणि अकोल्याला गेले. बाबांना जिन्यावर चढवायला मला फार बोलावे लागले नाही. काकांनी खाली येऊन "सर, तुमचे दात मला फी म्हणून हवेत" असे म्हटले, आणि काकांच्या दोन्ही मुलांना बाबांनी शिकवलेले असल्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना. उरलेले चार दात हलत होते, तेही काढले. मग हिरडी भरून येईपर्यंत थांबायचे. हुरड्याचे सगळे दिवस त्या थांबण्यात निघून गेले, आणि शेतावरून आलेला हुरडा बाबांनी आईच्या ताटात सरकवला.

जानेवारीत कवळीचे काम सुरू झाले. कवळी म्हणजे माप दिले, शिवून आली, असे आम्हाला वाटत होते. तसे मुळीच नाही. पहिल्या दिवशी ढोबळ माप. ते ज्या लगद्याने घेतात तो समुद्रातल्या शेवाळापासून करतात, हे ऐकून बाबांनी भुवया वर केल्या. दुसऱ्या खेपेला बारीक माप. तिसऱ्या खेपेला मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून दोन जबडे एकमेकांपासून किती अंतरावर मिटतात ते पाहायचे. ते चुकले तर माणूस बोलताना दात वाजतात, नाही तर ओठ आत जाऊन तो कायम रागावलेला दिसतो.

मग डॉक्टरताईंनी जुना फोटो मागितला, दात असतानाचा. आईने लग्नाचा फोटो काढला. सत्तरीच्या दशकातले लग्न. फोटोतल्या चौदा माणसांपैकी एकाचाही दात दिसत नाही! त्या काळी फोटोवाल्यापुढे हसणे हा पोरकटपणा समजत. घरातले तीन आल्बम पालथे घातले. शेवटी एका स्नेहसंमेलनाचा फोटो सापडला: बाबा व्यासपीठावर उभे, एक बोट वर, तोंड उघडे. "त म्हणत होतो," बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेऊन खुणेने सांगितले. डॉक्टरताईंनी भिंगातून पाहिले आणि म्हणाल्या, उजवा दात किंचित पुढे होता, तसाच ठेवू.

चौथी खेप मी विसरणार नाही. गुलाबी मेणात दात नुसते रोवलेले असतात, आणि ते तोंडात बसवून रोग्याला बोलायला लावतात. दात तांदळाभर पुढे गेला तरी स ची शीळ होते. ताईंनी शिकल्याप्रमाणे सांगितले, "सर, सिक्स्टी सिक्स म्हणा. फिफ्टी फाइव्ह म्हणा."

"मी मराठीचा मास्तर आहे," बाबा म्हणाले. कित्येक महिन्यांत त्यांनी बोललेले हे पहिले पुरे वाक्य. "सहासष्ट म्हणतो."

सहासष्ट मध्ये शीळ वाजली. ताईंनी दात काढला, गरम सुरीने मेण हलवले, पुन्हा लावला. "सासऱ्यांनी साठ संत्री सोलली." शीळ कमी. पुन्हा मेण. "तात्यांनी ताटात दही सांडलं." "चार चाके." बाबा आरसा घेऊन बसले होते, मला ज्या आरशापुढे उभे करीत तसाच छोटा, आणि डॉक्टर कोण व रोगी कोण हे मला कळेनासे झाले. तीन-चार वेळा दात हलले. मग बाबांनी आरसा खाली ठेवला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "ताई, पाणी दे."

याच खेपांत मला तो भेटला. बाहेरच्या बाकावर, तोंडापुढे रुमाल धरून. मला पाहून उठला. दहा वर्षांपूर्वीचा माझा विद्यार्थी. वक्तृत्वाच्या तीन ढाली त्याने आमच्या महाविद्यालयाला मिळवून दिल्या होत्या. आता अकोल्याला औषधांच्या एका कंपनीत विक्रीचे काम करतो. "दाढ का रे?" मी विचारले. त्याने मान हलवली. बोलला ते दातांच्या फटीतून आल्यासारखे. वाटले, सुई दिली असेल. सुई दिलेली नव्हती.

निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटे उभी मावतात. वाचकांनी खुशाल करून पाहावे; मी घरी सगळ्यांना करायला लावले आहे. त्याच्या तोंडात दीड मावत होते. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला अमरावतीत खोली घेऊन राहिला होता, रात्री जागायला खर्रा लागला. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या कागदात घोटून घोटून केलेला. विदर्भाबाहेरच्या वाचकांना हा शब्द ठाऊक नसेल तर ते सुखी आहेत. महाराष्ट्राने २०१२ साली गुटख्यावर बंदी घातली, पण खर्रा डोळ्यांदेखत घोटून मिळतो. सुपारीने गालाची आतली कातडी पांढरी, ताठ होत जाते; तिच्यात दोऱ्या पडतात आणि तोंड आतून शिवल्यासारखे बंद होत जाते. सुपारी, नुसती तंबाखूविना सुपारीसुद्धा, कर्करोग करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच छापले आहे. डॉक्टरताईंनी त्याला लपवून काही सांगितले नाही. गेलेले पुरते परत येणार नाही. खर्रा आज बंद, दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि व्यायाम: आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांच्या मध्ये धरायच्या, आणि जमेल तशी एकेक वाढवत न्यायची. त्याच्या तोंडात दहा मावल्या.

बाबा हे सगळे ऐकत बसले होते. तोंडात मेणाचे दात नुकतेच लागून गेलेले, हातात आरसा. त्यांनी त्याला जवळ बोलावले आणि विचारले, "भाषणात शेवटचं वाक्य काय असायचं तुझं?" त्याने ते सांगितले, अर्धे समजले, अर्धे नाही. बाबा म्हणाले, "रविवारी फोन करायचा. काड्या किती ते सांगायचं, आणि हे वाक्य म्हणून दाखवायचं."

कवळी फेब्रुवारीत बसली. वरची टाळूला छान चिकटली. खालची मात्र घोड्याच्या नालेसारखी, तिला धरायला काही नाही, आणि जीभ तिला सारखी उचलून टाकते. हिरडीला दोन जागी लागले, दोनदा घासून आणली. रोज अर्धा तास मोठ्याने वर्तमानपत्र वाचा असे ताईंनी सांगितले होते. बाबा अग्रलेखापासून सुरुवात करून छोट्या जाहिरातींपर्यंत जात. रात्री कवळी पाण्यात. पहिल्या सकाळी वाटी पाहून आई ओरडली. आता वाटी तीच विसळते.

आणि रविवारचा फोन. अकरा. अकरा. बारा. आई सांगे, हे बारा झाल्याचे तीनदा सांगतात. मेच्या शेवटी तेरा. मुलाचा श सुधारत नाही, अशी बाबांची तक्रार. "तेरा काड्यांत श मावत नाही," तो म्हणाला म्हणे, आणि बाबा कधी नव्हे ते त्यावर हसले.

जूनमध्ये दोन रविवार फोन आला नाही. बाबांनी तो विषय काढला नाही, मात्र फोन उशाशी ठेवून झोपत. तिसऱ्या रविवारी आला. आई स्वयंपाकघरात होती, तिला आधी नुसते "किती?" ऐकू आले, मग बराच वेळ काही नाही, मग "बारा" असा बाबांचा आवाज.

संध्याकाळी आईने मला फोनवर सांगितले, की त्यानंतर बाबा त्याच्याशी पाऊण तास बोलत होते, एकटेच. सुपारी, चुना, आईबाप, ढाली, सगळे. खालची कवळी लागून हिरडी लाल झाली तरी थांबले नाहीत. आता तोंडात गुळणी धरून बसले आहेत आणि खुणेने विचारताहेत, पुढच्या रविवारी तू इकडे येणार आहेस का.